साल्सा, बचाटा की टँगो?

जोडीनं करायचा नाच शिकायचं मनात आलं की बहुतेक जण रील्स बघून निवड करतात. गंमत अशी की रीलमध्ये दिसतो तो महिनोन्‌महिने बसवलेला स्टेजवरचा नाच. प्रत्यक्षात सोशलला, म्हणजे सगळ्यांनी एकत्र जमून नाचायच्या पार्टीला, गेलं की अनोळखी जोडीदारासोबत, आधी काहीही न ठरवता, एक अख्खं गाणं निभावायचं असतं. ते कुठल्या नाचात कितपत जमेल, हे बघून ठरवलेलं बरं.

सगळ्यांत लवकर पायात बसतो तो बचाटा. बाजूला तीन पावलं, चौथ्या मात्रेला टॅप, मग तेच उलट्या दिशेनं. पहिल्याच तासाला आपण नाचतोय असं वाटायला लागतं! मूळ डॉमिनिकन रिपब्लिकचं. तिथला हुकूमशहा त्रुहियो 1961 मध्ये मारला गेला आणि पुढच्याच वर्षी होसे मान्युएल काल्देरोन यांची पहिली बचाटा गाणी ध्वनिमुद्रित झाली. दारूचे गुत्ते, गरीब वस्त्या, प्रेमभंगाची रडगाणी, त्यामुळे प्रतिष्ठित घरांत या संगीताला मज्जाव. लावणीला पांढरपेशांनी जसं वागवलं, साधारण तसंच. हुआन लुइस गेर्रा यांचा ‘बचाटा रोसा’ हा अल्बम 1990 मध्ये आला आणि तीच मंडळी ठेका धरू लागली.

फक्त एक गोष्ट आधी विचारून घ्या. शहरातल्या क्लासमध्ये पुष्कळदा शिकवतात ती ‘सेन्शुअल’ शैली स्पेनमध्ये घडलेली आहे: अंगाला अंग, छातीपासून कमरेपर्यंत लाटा. डॉमिनिकन शैलीत जोडी बरीच मोकळी असते आणि सगळी मजा पावलांत. अनोळखी माणसाच्या इतकं जवळ जायला संकोच वाटत असेल तर बचाटा सोडू नका, शैली बदला.

साल्साला धीर लागतो. आठ मात्रांत पावलं सहाच: एक-दोन-तीन, पाच-सहा-सात. चौथ्या आणि आठव्या मात्रेला पाऊल नाही, आणि नवशिक्याचं घोडं नेमकं तिथंच अडतं. शिवाय लय चढी. क्यूबाच्या पूर्व भागातल्या ‘सोन’ या संगीतप्रकाराचा यात मोठा वाटा, पण ‘साल्सा’ हे नाव गाजलं ते न्यूयॉर्कमध्ये, तिथल्या पोर्तोरिकन आणि क्यूबन वस्त्यांत. 1964 मध्ये सुरू झालेल्या फानिया या रेकॉर्ड कंपनीनं ते जगभर नेलं. या संगीताचा कणा म्हणजे क्लावे, दोन लाकडी दांड्यांवर वाजणारे पाच ठोके. तबल्याची सम कानाला कळत असेल तर क्लावेही हळूहळू कळतो. तो कळेपर्यंत मात्र मोजणीच करावी लागते. माझे पहिले दोन महिने ओठांनी आकडे पुटपुटण्यात गेले.

यातही पोटभेद आहेत. लॉस एंजेलिसची शैली पहिल्या मात्रेवर ब्रेक घेते, म्हणजे पावलाची दिशा बदलते, न्यूयॉर्कची दुसऱ्या मात्रेवर. दोन्ही एका सरळ रेषेत नाचतात. क्यूबन ‘कासिनो’त जोडीदार एकमेकांभोवती फिरतात, आणि रिंगण करून जोडीदार बदलत नाचायचं असेल तर ती ‘रुएदा’. एकट्यानं क्लासला जाणार असाल तर मी रुएदा सुचवेन. ओळखी पटकन होतात आणि एकाची चूक गर्दीत खपून जाते.

टँगो सगळ्यांत सावकाश येतो. वरवर पाहता त्यात मिठी आणि चालणं, एवढंच. पण ते चालणं दुसऱ्याच्या श्वासाच्या अंदाजानं करायचं, तेही ऐन वेळी सुचेल तसं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनॉस आयरिस आणि माँटेव्हिडिओच्या गरीब वस्त्यांत, स्थलांतरितांच्या गर्दीत तो घडला. त्याचं बँडोनिऑन हे वाद्यही जर्मनीहून आलेलं. आपली पेटी नाही का युरोपातून येऊन आपली झाली! मिलोंगात, म्हणजे टँगोच्या बैठकीत, नाचायला तोंडानं विचारत नाहीत. लांबूनच नजर भिडवायची, मान हलली तर उठायचं. तीन-चार गाण्यांची एक ‘तांदा’, आणि ती संपेपर्यंत जोडीदार सोडायचा नाही. गप्प बसणाऱ्या, संगीत बारकाईनं ऐकणाऱ्या माणसाला हा नाच मानवतो. महिन्याभरात काहीतरी करून दाखवायची घाई असेल तर राहू द्या.

गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात नाचण्यापुरतंच शिकायचं असेल, तर हे तिन्ही बाजूला ठेवून वॉल्ट्झ शिका. तीन मात्रांचा, आणि संथ वॉल्ट्झमध्ये मिनिटाला साधारण 90 मात्रा. साल्सात त्याच्या दुप्पट सहज होतात.

आणि क्लासला फोन कराल तेव्हा नुसतं ‘टँगो शिकवता का’ असं विचारू नका. बॉलरूमचा टँगो म्हणजे झटक्यानं मान वळवणारा, इंग्रजांनी नियमांत बसवलेला स्पर्धेचा नाच. मिलोंगात तो चालत नाही. रुंबाचंही तसंच. बॉलरूममधला रुंबा संथ आणि लाडिक. क्यूबातला रुंबा म्हणजे ढोल, गाणं आणि गल्लीतली चढाओढ.