पौड रोडवर जाहिरात: होर्डिंग घ्यावं, बसथांबा की खांबावरची पाटी?

कोथरूडमध्ये दवाखाना, क्लास किंवा मिठाईचं दुकान टाकलं, तर गिऱ्हाईक बहुतेक दीड-दोन किलोमीटरांच्या आतलं असतं. पौड रोडवरचं ४० बाय २० फुटी होर्डिंग मात्र चांदणी चौकातून शहरात शिरणाऱ्या प्रत्येकाला दिसतं आणि भाडंही त्या सगळ्यांच्या हिशेबाने लागतं. शहरभर शाखा असतील तर ठीक. एकाच दुकानासाठी बहुतेक वेळा ते महागातच पडतं.

भाड्यावर फ्लेक्सची छपाई, चढवणावळ आणि १८ टक्के जीएसटी येतोच. छपाईचा दर चौरस फुटावर असतो, म्हणजे ४० बाय २०ला ८०० फुटांची. मध्येच ऑफर बदलली की हा खर्च पुन्हा.

बरं, वाचायला वेळ किती? ताशी ४० किलोमीटरने जाणारा सेकंदाला ११ मीटर पुढे सरकतो. फलक ६० मीटरांवरून दिसू लागला तर हातात साडेपाच सेकंद. तेवढ्यात नाव, काय मिळतं आणि जवळची खूण, एवढंच डोक्यात शिरतं. अक्षराच्या दर इंच उंचीला दहा फूट अंतर धरा, म्हणजे २०० फुटांवरून नीट वाचायला २० इंची अक्षर हवं. दहा सेवांची यादी टाकणाऱ्याने पैसे वाया घालवले म्हणून समजा.

जागा एजन्सीच्या फोटोवरून ठरवू नका. तो सगळ्यात सोयीच्या कोनातून काढलेला असतो. वनाझ ते नळ स्टॉप मेट्रोचा उन्नत मार्ग आहे. गच्चीवरचे काही फलक त्याच्या आड जातात. मे महिन्यात मोकळी दिसणारी जागा ऑगस्टमध्ये पालवीने झाकते, आणि परवानगीशिवाय फांदी तोडता येत नाही. संध्याकाळी दुचाकीवरून एक फेरी मारून बघा. समोरच्या फ्लॅटमध्ये झोत जात असेल तर तक्रार होऊन दिवे बंद होतात, आणि रात्रीची जाहिरात गेली.

सुरक्षिततेचे कागद आधी मागा. १३ मे २०२४ला घाटकोपरला कोसळलेला फलक १२० बाय १२० फुटी होता. मुंबईत मर्यादा ४० बाय ४०ची. १७ जण गेले. पुण्यात जुन्या बाजाराजवळ ऑक्टोबर २०१८मध्ये सांगाडा काढताना पडला, चार मृत्यू. महापालिकेचा परवाना, त्याची मुदत, सांगाड्याच्या मजबुतीचा दाखला आणि गच्ची असेल तर सोसायटीची संमती, यांच्या प्रती घ्याच. ताणलेला फ्लेक्स शिडासारखा वारा धरतो, म्हणून वादळात तो उतरवावा लागतो. त्या दिवसांचं भाडं कापायचं का, हे करारात लिहून घ्या.

बसथांब्याचा फलक लहान, पण नजरेच्या उंचीवर. माणूस तिथे पाच-दहा मिनिटं उभा असतो, त्यामुळे फोन नंबर, वेळा, क्यूआर कोड, सगळं चालतं. दवाखान्याला आणि क्लासला आमची पहिली पसंती हीच. अडचण देखभालीची: आतले दिवे जातात, वर कुणीतरी 'खोली भाड्याने'चा कागद डकवतं. दुरुस्ती किती तासांत, ते आधी ठरवा.

खांबावरच्या पाट्या ओळीने दहा-पंधरा घेतल्या तर वळणावरचं दुकान दाखवायला उत्तम. फक्त नाव आणि बाण. एजन्सीकडे परवाना नसेल तर मालमत्ता विद्रूपणाच्या १९९५च्या कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, आणि पाटीवर नाव तुमचं असतं.

एलईडी पडदा सिग्नलपाशीच घ्या. सहा जाहिरातदारांत दहा-दहा सेकंद वाटले, तर तुमची पाळी मिनिटातून एकदाच येते; धावत्या गाडीतल्याला ती बहुधा चुकते.

काहीही घेतलंत तरी शेवटचा हप्ता दिवसाचा आणि रात्रीचा, तारीख व ठिकाण उमटलेला फोटो आल्यावरच द्या.