औषधवाली मच्छरदाणी: दोन पावसाळे वापरून झाल्यावर

रस्त्याच्या कामावर सुपरवायझर म्हणून भामरागडकडे दोन पावसाळे काढले, कॅम्प जंगलातच, तेव्हा ही औषध मुरवलेली मच्छरदाणी वापरली. ५ पैकी ४ स्टार.

पाकीट फोडलं की वास येतो, म्हणून आधी एक दिवस सावलीत टांगून ठेवायची. साध्या मच्छरदाणीत झोपेत कोपर जाळीला टेकलं की मच्छर बाहेरूनच चावतो, इथे जाळीवर बसला की थोड्या वेळात खाली. सकाळी खाटेभोवती मेलेले पडलेले दिसायचे, खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं. औषध साधारण ३ वर्षं किंवा २० धुण्यांपर्यंत टिकतं, पण साध्या साबणाने धुवून सावलीत वाळवली तर. मी शहाणा, पहिल्याच महिन्यात पावडरमध्ये भिजवून कडक उन्हात टाकली. गावातल्या आशा कार्यकर्तीने, आशाताईंनी, बघितलं आणि म्हणाल्या, "साहेब, अशानं नुसती जाळीच राहील."

एक स्टार दोऱ्यांचा कापला, फारच आखूड आहेत. घरात चालून जातं पण धान पिकल्यावर इकडची माणसं जागलीला शेतावर झोपतात, तिथे बांधायची कुठे?

मला मलेरिया झाला त्याचे मार्क मात्र कापलेले नाहीत. बोटातून थेंबभर रक्त घेतलं, पंधरा-वीस मिनिटांत किटवर फाल्सिफेरम, म्हणजे मलेरियाचा जास्त धोक्याचा प्रकार, निघाला, ३ दिवस गोळ्या. कॅम्पवर सगळे मच्छरदाणीला नावं ठेवत होते पण मी रात्री अकरापर्यंत बाहेर खुर्ची टाकून रेंज शोधत बसायचो, त्यात तिची काय चूक. आणि मच्छर आमचेच हो. झाडं पाडली, मुरूम काढला, खड्डे तसेच सोडले, पाणी साचलं, वर सावली नाही. मलेरिया पसरवणाऱ्या ॲनोफिलीस मच्छरांमधली फ्लुविआटिलिस ही जात ओढ्याच्या संथ पाण्यातली, ती जंगलात आधीपासूनची, पण त्यांच्यातल्याच क्युलिसिफेसिस जातीला असंच उघडं, ऊन लागणारं साचलेलं पाणी आवडतं, तिची सोय आम्ही केली. एकदा प्लास्टिकच्या मगाने खड्ड्यातलं पाणी काढलं तर अळ्या पाण्याच्या वरच्या थराला चिकटून आडव्या पडलेल्या, ॲनोफिलीसच्या तशाच असतात. मजुरांच्या झोपड्या तिथून पन्नास पावलांवर. खड्डे बुजवा म्हणून ठेकेदाराला दोनदा सांगितलं, बिलात ती आयटमच नाही म्हणाला.

घ्यायची तर डबल घ्या, सिंगलमध्ये पाय बाहेर येतात. सुतळी वेगळी आणा.