आधी कॉक, मग एअरेटर: लातूरच्या हॉस्टेलासाठी घेतलेलं प्लंबिंगचं सामान

गंजगोलाईजवळच्या पाइप-तोट्यांच्या दुकानातून गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर सामान घेतलं. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही त्याच्यावर गेले, म्हणून आता लिहितेय. शिकवणीसाठी लातुरात येणाऱ्या मुलींचं हॉस्टेल मी चालवते. वीस-बावीस मुली, दोन मजले, अंगणात जमिनीखाली हौद आणि गच्चीवर दोन काळ्या टाक्या. नळ रोज येत नाही. आला की हौद भरून घ्यायचा, कमी पडलं तर बोअर, बोअर आटला की टँकर. ज्या घरात पाणी विकत घ्यावं लागतं, तिथं कुठल्या वस्तूला पैसे टाकावे हे नीट ठरवावं लागतं.

दुकानात शिरलं की समोर चकाकते शॉवर आणि हात धरला की चालू होणाऱ्या तोट्या मांडलेल्या. मी एअरेटर, म्हणजे तोटीला लावायची पाणी वाचवणारी जाळी, मागायला गेले होते. दुकानातल्या काकांनी ते काढायच्या आधी विचारलं, "ताई, तुमच्या एका बाथरूममधली तोटी तुटली तर काय बंद करता?" गच्चीवर जाऊन टाकीचा मोठा कॉक, मी सांगितलं. "म्हणजे एका तोटीसाठी सगळं घर बंद. आधी कॉक घ्या, बाकीचं मग बघू." जास्त खपेल ते न दाखवता गरजेचं आधी दाखवणारा दुकानदार मला तिथं भेटला, आणि या दुकानाला माझे पाचपैकी साडेचार गुण आहेत ते त्यामुळेच.

आमच्याकडे जुने पितळी चाकाचे कॉक होते. बोअरच्या पाण्यातले क्षार त्यांच्या आत बसतात आणि वर्षानुवर्षं कुणी फिरवले नाहीत की ते जाम होतात. अडचणीच्या वेळी चाक फिरतं, पण आतली पट्टी पूर्ण खाली बसत नाही, पाणी चालूच राहतं. त्याऐवजी आता बॉल व्हॉल्व बसवलेत. दांडी पाव वळसा फिरवली की काम झालं. दांडी पाइपाच्या रेषेत असेल तर चालू, आडवी असेल तर बंद. अंधारातही हाताला कळतं. प्रत्येक बाथरूमला, संडासाला, स्वयंपाकघराला आणि दोन्ही टाक्यांना वेगळा. शेजारी भिंतीवर ऑइलपेंटने नाव लिहिलंय, कारण कोणता कॉक कशाचा हे फक्त मलाच माहीत असून चालत नाही. मे महिन्यात ऐन नीट परीक्षेच्या आदल्या रात्री वरच्या मजल्यावरची तोटी मुळातून निखळली. पाणी उसळत होतं, तेव्हा तिथल्या मुलीने स्वतःच दांडी आडवी केली आणि मग मला हाक मारली, "काकू, तोटी गेली, पाणी बंद केलंय." बाकीच्या मुलींच्या अंघोळी सकाळी नेहमीसारख्या झाल्या.

घरात प्लॅस्टिकचे चालतात. गच्चीवर मात्र पितळीच घ्या, महाग पडले तरी. आपल्याकडच्या उन्हात प्लॅस्टिकची दांडी ठिसूळ होते आणि नेमकी फिरवताना मोडते. आणि महिन्यातून एकदा सगळे कॉक बंद करून पुन्हा चालू करायचे. दहा मिनिटांचं काम आहे, पण तेवढ्याने क्षार बसायला उसंत मिळत नाही.

आता एअरेटर. तोटीच्या तोंडाला आट्यावर बसणारी ही जाळी, शे-सव्वाशे रुपयांना. पाण्यात हवा मिसळते, धार भरीव वाटते आणि पाणी कमी जातं. बादली आणि घड्याळ लावून मोजलं: पूर्ण उघडलेली बेसिनची तोटी आधी मिनिटाला बारा लिटरच्या आसपास सोडत होती, आता पाच. पण ती बेसिनला आणि भांडी घासायच्या जागीच लावा. बादली भरायच्या तोटीला लावून काही वाचत नाही. बादली तेवढ्याच पाण्याने भरते, वेळ मात्र दुप्पट लागतो आणि मुली वैतागून जाळी काढून ठेवतात. आमच्या पाण्याला ती काही आठवड्यांत क्षारांनी भरते. खोलून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली की सकाळी मोकळी होते.

फ्लशच्या टाकीसाठी काहीच विकत घेतलं नाही. जुन्या टाक्या एका वेळी दहा लिटर किंवा त्याहूनही जास्त सोडतात. नव्या दोन बटणांच्या टाक्या तीन आणि सहा. सगळ्या बदलण्याएवढे पैसे आत्ता नाहीत, म्हणून प्रत्येकीत पाण्याने भरलेली लिटरची बाटली ठेवलीय, आतल्या दांड्यांना अडणार नाही अशी. आमच्याकडे दिवसाला सहज शंभर वेळा फ्लश होतो, म्हणजे शंभर लिटर तिथंच राहिले. वीट टाकू नका. ती झिजते आणि तिचा चुरा टाकीच्या तळाच्या रबराखाली जाऊन गळती सुरू होते. गळती आहे का हे बघायला टाकीत खायचा रंग टाकून अर्धा तास फ्लश करायचा नाही. संडासाच्या भांड्यात रंग उतरला तर रबर बदला. टपकणारी तोटीही कमी लेखू नका. सेकंदाला एक थेंब पडला तरी दिवसाला वीसेक लिटर जातं, एका माणसाच्या अंघोळीचं पाणी.

टाकी भरल्यावर बोलणारा अलार्म मी परत नेऊन दिला. त्याच्या तारांवर क्षार चढला की टाकी रिकामी असतानाही तो ओरडतो, मग कुणी लक्ष देत नाही. त्याऐवजी तरंगता फ्लोट स्विच घेतला, वरची टाकी भरली की मोटार आपोआप बंद. दुसरा फ्लोट हौदात, पाणी तळाला गेलं की मोटार थांबते. कोरडी चालून मोटार जळणं हा उन्हाळ्यातला सगळ्यात महाग प्रकार असतो. हौदाच्या नळाचा बॉलकॉक, म्हणजे हौद भरला की तरंगत्या चेंडूने नळ बंद करणारा कॉक, घेताना मात्र हातात धरून पाहा. या दुकानात स्वस्तातले पातळ चेंडूही मिळतात, त्यात पाणी शिरतं, चेंडू बुडतो आणि हौद रस्त्यावर वाहतो. अर्धा गुण कापला तो त्यासाठी.

जिन्याखाली एक डबा ठेवलाय: टेफ्लॉन टेप, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, दोन-तीन क्लॅम्प, एम-सील, पान्हा, करवतीचं पातं, टॉर्च, सीपीव्हीसीचे (प्लॅस्टिकचे) पाइप चिकटवायचं सोल्व्हेंट आणि अर्ध्या व पाऊण इंची टोप्या. पाइप चिरला तर ट्यूब ताणून गुंडाळायची आणि वर क्लॅम्प आवळायचा, तात्पुरतं भागतं. पाइप तुटलाच तर कॉक बंद करून तो सरळ कापायचा, पुसून कोरडा करायचा आणि टोपी चिकटवायची. डबीवर लिहिलेला वेळ गेल्याशिवाय पाणी सोडायचं नाही. सोल्व्हेंट लहान डबीतलं घ्या, उघडलेलं सुकून जातं. पाणी विजेच्या बोर्डाजवळ पोचलं असेल तर कशालाही हात लावण्याआधी मेन स्विच पाडायचा. टाकी रिकामी झाली की गीझरही बंद. हे कागदावर लिहून मी डब्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय.

साठ्याचा विचार आम्हा लातूरकरांना वेगळा सांगावा लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट मोठ्या माणसांना आठवते, आणि एप्रिल २०१६ तर कालचीच गोष्ट. मांजरा धरण आटलं होतं, मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर होतं. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार होती, म्हणजे माणशी दीड लिटरसुद्धा नाही. शहरी पाणीपुरवठ्याचं प्रमाण माणशी रोज १३५ लिटर धरतात, आणि आपत्तीत किमान १५ लिटर लागतात असं मानतात. मी त्या १५ च्या हिशेबाने तीन दिवसांचं पाणी वेगळ्या टाकीत ठेवते, तिचा कॉक नेहमी बंद. झाकण घट्ट, आणि आठवड्याला ती रिकामी करून, घासून पुन्हा भरायची. नाहीतर डासांच्या अळ्या होतात आणि डेंग्यू घरात येतो. निघालेलं पाणी फरशीला आणि संडासाला जातं.

दुकान रविवारी बंद असतं आणि उन्हाळ्यात पितळी कॉक लवकर संपतात. गुढीपाडव्याच्या आधी गेलात तर हवं ते माप मिळेल. जाताना जुन्या पाइपाचा तुकडा सोबत न्या. अर्धा की पाऊण हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.