कोर्स ठीक आहे, पण ते हिरवं कुलूप काढा आधी

चवथीच्या सेलमध्ये हा ऑनलाइन पेमेंट सिक्युरिटीचा कोर्स घेतलेला, सहा महिन्यांचा प्लॅन, आता रिन्यूअलचा मेसेज आलाय म्हणून लिहितोय. सिलॅबस सगळ्यांनी बघितलाच असेल, तो परत टाकत नाही.

आधी डोकं फिरवणारी गोष्ट. दर व्हिडिओत सर तेच सांगतात, ॲड्रेस बारमध्ये हिरवं कुलूप दिसलं की बिनधास्त कार्ड टाका. अहो, क्रोमने ते कुलूप २०१८ मध्येच करडं केलं आणि २०२३ मध्ये त्या जागी दुसरंच चिन्ह आणलं! कुलूप दिसतं ते साईटच्या सर्टिफिकेटमुळे, आणि लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या संस्थेकडून ते फुकट मिळतं, फसवणाऱ्यालाही मिळतं. वाटेत कोणी वाचत नाही एवढंच त्यातून कळतं, पलीकडे बसलेला माणूस बरा की लबाड ते नाही. फोंड्याला मामाचं काजूचं दुकान आहे, त्याची साईट मी सांभाळतो, मामाने दोन व्हिडिओ बघितले आणि आता रोज विचारतो, "आपलं कुलूप हिरवं कधी होणार रे?" सपोर्टला सविस्तर लिहिलं तर उत्तर काय, "आपली तक्रार निकाली काढली आहे". व्हिडिओ आहे तसाच.

सेट प्रोटोकॉलवर (सिक्युअर इलेक्ट्रॉनिक ट्रान्झॅक्शन, नेटवर कार्डाने पैसे भरायची जुनी पद्धत) अख्खं मॉड्यूल बघून पैसे बुडाले असंच वाटलेलं. १९९६ मध्ये व्हिसा-मास्टरकार्डने जाहीर केलेला, गिऱ्हाइकाने वेगळं वॉलेट सॉफ्टवेअर टाकायचं, स्वतःचं सर्टिफिकेट घ्यायचं, कोण करणार एवढं, चाललाच नाही तो. पण ड्युअल सिग्नेचर कळलं आणि मत फिरलं. दुकानदाराला ऑर्डर दिसते, कार्ड नंबर नाही, बँकेला कार्ड दिसतं, माल काय घेतला ते नाही, आणि दोन्हींचे हॅश (मजकुरातून काढलेला छोटा ठसा) जोडून त्यावर गिऱ्हाइकाची डिजिटल सही, त्यामुळे एकाची ऑर्डर दुसऱ्याच्या पेमेंटला चिकटवता येत नाही. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला कार्ड नंबर साठवायला बंदी आली, त्याऐवजी टोकन म्हणजे बदली नंबर आला, उपाय वेगळा पण दुखणं तेच ना? हे जोडून दाखवायला पाहिजे होतं, पण टोकनचं नाव नाही, यूपीआय नाही, आणि ब्राउझर-साईटमधलं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या टीएलएस १.३ ला एक स्लाइड.

ओपनएसएसएल या सर्टिफिकेट हाताळायच्या फुकट सॉफ्टवेअरची लॅब मात्र भारी. सर्टिफिकेटची साखळी, म्हणजे कोणाच्या सर्टिफिकेटवर कोणाची सही आहे ते, स्वतः तपासता येते आता.

रिन्यूअलची फी सेलच्या दुप्पट. बरं झालं, आरबीआयच्या नियमाने ऑटो-डेबिटच्या किमान २४ तास आधी मेसेज येतो, तो आला आणि बँकेच्या ॲपमधून मँडेट (आपोआप पैसे कापायची परवानगी) रद्द करून टाकलं. सेल असेल तर लॅबसाठी घ्या, पूर्ण फी देऊन अजिबात नको. आणि पैसे भरताना तळाला बारीक अक्षरात ऑटो-रिन्यूअलची टिक आधीच लावलेली असते, ती काढा.