रफार सरकला, 18 हजार अडकले: डिजिटल गव्हर्नन्सच्या कोर्सचा सात महिन्यांचा अनुभव

गेल्या गुरुवारी माझं कोर्सच्या फीच्या प्रतिपूर्तीचं बिल तिसऱ्यांदा परत आलं. लेखा शाखेचा शेरा तोच: "प्रमाणपत्रावरील नाव सेवापुस्तकातील नावाशी जुळत नाही. त्रुटीपूर्तता करून फेरसादर करावे." सेवापुस्तकात मी सुर्वे आहे. प्रमाणपत्रावर सुवेर्. मोठ्याने वाचून बघा, जमतंय का.

संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पैसे अजून अडकलेत. बेलापूरला वर्ग भरतात आणि सरकारी अधिकाऱ्यांना 'डिजिटल नेतृत्व' शिकवतात, एवढ्यावर ज्यांना ओळखायचं ते ओळखतील. मॉड्यूल किती, तास किती हे माहितीपत्रकात आहे. मी फक्त वापरून काय झालं ते सांगतो.

मी ठाण्यात गट-ब अधिकारी. निवृत्तीला 4 वर्षं राहिली आहेत. कार्यालयाने नामनिर्देशन केलं, पण फी 'आधी स्वतः भरा, मग प्रतिपूर्ती' या तत्त्वावर. 18 हजार. घरी सांगितलं तर उत्तर आलं, "अहो, एवढ्यात फ्रिज आला असता." फ्रिज खरंच बदलायला झालाय. पाच दिवसांचा आठवडा 29 फेब्रुवारी 2020 पासून लागू झाला तेव्हा शनिवार मोकळे झाले म्हणून मी ऑफिसात पेढे वाटले होते. त्यातले 12 शनिवार ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून पनवेल लोकल पकडण्यात गेले.

पहिल्या दोन महिन्यांनंतर लिहिलं असतं तर एकच ओळ लिहिली असती: घेऊ नका. आयगॉट कर्मयोगीवर हेच विषय फुकट आहेत. मिशन कर्मयोगी या सरकारी प्रशिक्षण योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2 सप्टेंबर 2020 ला मंजुरी दिली, आणि आयगॉट हे तिचं पोर्टल सरकारी नोकरांसाठी आहे, घरी बसून करा. इथे मात्र पैसे भरून ॲप मिळालं ते असं, की मोबाईलची स्क्रीन बंद झाली की व्हिडिओ थांबतो, पुढे ढकलता येत नाही, आणि ऐरोली-रबाळेच्या दरम्यान रेंज गेली की पुन्हा पहिल्यापासून. मराठी स्लाइड यंत्राने भाषांतर केलेल्या. 'चेंज मॅनेजमेंट'चं मराठी 'सुट्ट्यांचे व्यवस्थापन' केलेलं. आमच्यातल्या एकाला वाटलं रजेचा विषय आहे, दुसऱ्याला वाटलं काउंटरवरच्या सुट्ट्या पैशांचा. एआयवर चार तास होते. त्यात लक्षात राहिलं ते जेवण.

तिसऱ्या महिन्यात एक निवृत्त अधिकारी शिकवायला आले आणि माझं मत हललं.

विषय महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015. तो आपल्या सगळ्यांना पाठ: सेवा मुदतीत द्यायला पदनिर्देशित अधिकारी, न दिल्यास दोन अपिलं, मग आयोग, 500 ते 5000 रुपये शास्ती. गृहस्थांनी कायदा वाचलाच नाही. विचारलं, "तुमच्या सेवेचं घड्याळ कधी सुरू होतं?" आम्ही म्हटलं, परिपूर्ण अर्ज आल्यावर. "परिपूर्ण आहे हे कोण ठरवतं?" सगळे गप्प. मग म्हणाले, पुढच्या वेळी आपापल्या शाखेतले त्रुटीत काढलेले अर्ज घेऊन या, आणि त्रुटी कितव्या दिवशी काढली तेवढंच लिहा. मी आणले. आमच्या एका सेवेची मुदत 15 दिवसांची. त्रुटी निघाल्या होत्या बहुतेक तेराव्या-चौदाव्या दिवशी. ज्या कागदासाठी निघाल्या, तो पहिल्या दिवशीच नव्हता. म्हणजे मुदत संपत आली की अर्ज परत, घड्याळ पुन्हा शून्यावर, आणि डॅशबोर्ड हिरवागार. त्या हिरव्या डॅशबोर्डसाठी मला दोन वर्षांपूर्वी गुलाबाचं फूल आणि शाल मिळाली होती. शाल कपाटात आहे.

या एका तासाला मी 5 हजार देईन. (18 तरीही नाही.)

दुसरा स्वाध्याय त्यांचाच. आपल्याच कार्यालयाच्या बाहेरच्या बाकावर बसा, ओळखपत्र खिशात ठेवा, साधा मोबाईल घ्या आणि आपलीच एक सेवा ऑनलाइन मागा. मी बसलो. वडिलांचं नाव तीनदा भरलं, पत्ता दोनदा. कागद अपलोड करताना 'फाइल मोठी आहे' असं आलं, पण किती लहान हवी ते कुठेच नाही. शेजारी साठीच्या एक बाई, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. त्या नुसत्या बसल्या होत्या. विचारलं, काय झालं? "भाऊ, ओटीपी मुलाच्या नंबरवर जातो. तो घणसोलीला कंपनीत. आत फोन नेऊ देत नाहीत."

"मग?"

"साडेचारला सुटतो. तोवर बसते."

तेव्हा साडेअकरा वाजले होते. आमचं टोकन एक वाजता बाद व्हायचं, मग नवीन रांग. हा नियम चार वर्षांपूर्वी माझ्याच टिपणीवर मंजूर झालेला, 'गर्दी नियंत्रणासाठी'. ओटीपीचं आमच्या हातात काही नाही, पण टोकन दिवसभर चालेल एवढं करता आलं. एका टिपणीत झालं. ती टिपणी ई-ऑफिसमध्ये टाकली, आणि सवयीने प्रिंट काढून पेनाने सहीही केली, ते असो.

सायबरचा दिवसही बरा होता. सर्टइन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या 2022 च्या निर्देशांप्रमाणे तिला हल्ला झाल्याचं कळल्यापासून 6 तासांत कळवायचं असतं. आम्हाला खोटी परिस्थिती दिली: शनिवार, सकाळचे 11, सगळ्या फायली कुलूपबंद, पडद्यावर खंडणीची नोटीस. आता पहिला फोन कोणाला? पंधरा अधिकाऱ्यांनी पंधरा नावं सांगितली, त्यातली चार माणसं बदलून गेलेली. बॅकअप कुठे असतो, तर "कंत्राटदाराकडे". कंत्राटदाराचा नंबर? तो कुलूपबंद फाइलीत. हसलो सगळे, पण त्या संध्याकाळी लोकलमध्ये मी नंबर डायरीत उतरवले. वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा 2023 चा कायदा त्याच दिवशी उरकला. 250 कोटींपर्यंत दंड ऐकून लोक जागे झाले. आमच्यासमोरच्या गाडीवर भजी आधारच्या झेरॉक्समध्ये बांधून मिळतात, हे मी वर्गात सांगितलं नाही. कुणाच्या रद्दीतल्या, हे त्यांनी विचारलं असतं.

आता रफाराकडे येतो, कारण माझे पैसे तिथे अडकलेत.

पहिली तक्रार ॲपवरून केली. उत्तर: "आपले नाव प्रोफाइलमध्ये दुरुस्त करा." प्रोफाइलमध्ये बरोबरच होतं. दुसरी तक्रार: "स्क्रीनशॉट जोडा." जोडला. तिसऱ्या वेळी शुक्रवारी रात्री प्रश्न आला, आणि सोमवारी सकाळी '48 तासांत प्रतिसाद नाही, तक्रार निकाली'. त्रुटी काढायची ही पद्धत मला ओळखीची वाटली. फोन केला तर मुलगा फार गोड बोलला. म्हणाला, "सर, इंग्रजीत सर्टिफिकेट देऊ का?" म्हटलं, बाळा, सेवापुस्तक मराठीत आहे. आठवड्याने नवीन प्रमाणपत्र आलं: सुरवे. रफारच काढून टाकला, म्हणजे कटकट मिटली. ते घेऊन बिल दुसऱ्यांदा गेलं आणि आलं. तिसऱ्या वेळी मी मूळ प्रमाणपत्रच हमीपत्रासह जोडलं, की सुर्वे व सुवेर् ही एकच व्यक्ती असून ती मीच आहे. त्याचा निकाल वर लिहिलाय.

ज्यांनी सुरेख, योगेश किंवा श्रीलिपीत हयात काढली त्यांना कळलंच असेल काय झालं. जुन्या फॉन्टमध्ये रफार हे वेगळं चिन्ह. ते अक्षर आणि मात्रा झाल्यावर, डोळ्याला दिसतं तिथे, टाईप करायचं: सु, व, मात्रा, मग रफार. युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत, उलट. र चा पाय मोडून तो व च्या आधी ठेवतात. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर कच्चं असलं की र जागच्या जागी राहतो आणि शब्दाच्या शेवटी पाय मोडून बसतो. पहिल्या वेलांटीचंही असंच. आणि 'कऱ्हाड'मधला ऱ्ह तर युनिकोडमध्येही दोन तऱ्हांनी लिहिता येतो. दिसायला सारखा, पण एका तऱ्हेने शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेचा सापडत नाही. डिजिटल गव्हर्नन्सच्या सहा महिन्यांच्या कोर्समध्ये यावर एक मिनिटही नाही. ब्लॉकचेनवर दीड तास आहे.

हे इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि एक तारा द्यायचा ठरवला होता. मग परवा त्या गोड मुलाने, बहुधा माझ्या फोनांना कंटाळून, मूळ फाइल पाठवली. त्यांची नव्हे, आमची. नामनिर्देशनाची यादी. आमच्या आस्थापना शाखेत सुरेखमध्ये टाईप केलेली, सॉफ्ट कॉपीसह पाठवलेली. प्रमाणपत्राला नाव तिथून उचललं जातं, प्रोफाइलमधून नाहीच. त्यांनी ती यादी कुठल्याशा फुकट कन्व्हर्टरमधून काढली, हा त्यांचा दोष. पण आपल्या कार्यालयांनी युनिकोडच वापरायचं हे किती वर्षं सांगितलं जातंय, आणि ती यादी सुरेखमध्ये होती. पत्राखालची सही माझी. मी त्या महिन्यात आस्थापनेचा प्रभारी होतो.

बाबूरावांना बोलावलं. (नाव बदललंय.) ते 26 वर्षं टाईप करतात, वेग असा की मी बोलायच्या आधी वाक्य पूर्ण. म्हणाले, "साहेब, युनिकोडच्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर बोटं बसत नाहीत. तुम्हीच म्हणाला होतात, काम होऊ दे, फॉन्ट कुठला का असेना." म्हणालो असेन.

मग आम्ही दोघांनी आमच्याच अर्जदारांच्या यादीत शोध घेतला. सोपी युक्ती आहे, तुम्हीही करून बघा: ज्या नावाच्या शेवटी पाय मोडलेला र आहे ते नाव चुकलेलं, कारण असं आडनाव मराठीत नसतं. दीड तासात 41 निघाले. दुवेर्, कवेर्, आणखी दोन सुवेर्. त्यातल्या एका बाईंचा अर्ज नाव जुळत नाही म्हणून त्रुटीत होता. चौदाव्या दिवशी काढलेली त्रुटी. 41 पैकी 38 दुरुस्त केले, तिघांचे मूळ कागद मिळेनात. बाबूरावांना संध्याकाळी अर्धा तास इनस्क्रिप्टला बसवतोय, आणि मीही शेजारी बसतो, कारण माझी बोटं त्यांच्याहून वाईट आहेत.

तर सध्या पाचपैकी साडेतीन. बिल पास झालं तर चार. कार्यालय फी थेट भरत असेल तर डोळे मिटून जा, त्या निवृत्त गृहस्थांचे दोन वर्ग चुकवू नका, एआयच्या दिवशी फक्त जेवायला जा. स्वतःच्या खिशातून भरणार असाल तर आधी आयगॉटवरचं फुकट करून घ्या, आणि त्यानंतरही जायचं असेल तर नामनिर्देशनाचं पत्र स्वतः युनिकोडमध्ये टाईप करा.

काल संध्याकाळी तिसरं प्रमाणपत्र आलं. नाव बरोबर: सुर्वे, रफार व वर, जागच्या जागी. घरी दाखवलं. बायकोने चष्मा लावून वरपासून खालपर्यंत वाचलं आणि बोट ठेवलं ते पदनामाखालच्या ओळीवर. तिथे छापलंय 'कायार्लय'.

लेखा शाखेचं लक्ष आजवर फक्त नावावर होतं. सोमवारी बिल सादर करतोय.