टॉमकॅट की वाइल्डफ्लाय: डेटासोर्सचं नाव चुकलं तर कळतं कधी?

गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. वॉर फाइल (जावा ॲप्लिकेशनचं एकत्र बांधलेलं पॅकेज) एकच ठेवायची आहे, गिऱ्हाइकं मात्र वेगवेगळी. ती चालवणारा सर्व्हर कुणाकडे टॉमकॅट, कुणाकडे वाइल्डफ्लाय, एखाद्या मोठ्या कारखान्यात वेबलॉजिक. डेटासोर्स (डेटाबेसची कनेक्शनं देणारा) जेएनडीआयवरून, म्हणजे सर्व्हरकडे नावाने मागून, घ्यायचा ठरवलाय, तर आपला नेहमीचा सर्व्हर कुठला धरावा?

हा निर्णय मी स्वतः दोनदा घेतला आहे, आधी एका बाजूने आणि चार वर्षांनी दुसऱ्या. आम्ही नाशिकमध्ये चौघे मिळून काम करतो. दिंडोरी आणि निफाड तालुक्यांतल्या द्राक्षांच्या पॅकहाऊससाठी आवक, ग्रेडिंग, पॅलेट आणि डिस्पॅचचं सॉफ्टवेअर बनवतो. सिन्नरच्या एका पतसंस्थेचंही काम आहे. म्हणजे आमचे सर्व्हर डेटा सेंटरमध्ये नसतात. पॅकहाऊसच्या ऑफिसात, प्रिंटरच्या शेजारच्या टेबलाखाली असतात, आणि रात्री तिथे आमच्यातलं कुणी नसतं. माझं मत याच परिस्थितीतून आलंय, तेव्हा तुमची वेगळी असेल तर तेवढी वजावट करून वाचा.

जेएनडीआय काय, पूल (डेटाबेसच्या तयार कनेक्शनांचा साठा) कशाला, हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना सारखीच लागू आहे, ती आधी सांगतो, कारण ती पाळली नाही तर पुढची तुलना व्यर्थ आहे. कोडमध्ये नाव मागताना कायम 'जावा:कॉम्प/एन्व्ह/जेडीबीसी/पॅकहाऊस' असंच मागा. वेब.एक्सएमएलमध्ये, म्हणजे ॲप्लिकेशनच्या वर्णनाच्या फाइलीत, त्या नावाचा रिसोर्स-रेफ (या नावाचा डेटासोर्स लागतो अशी नोंद) लिहा. मग त्या नावामागे खरा डेटासोर्स कुठला, हे ज्या त्या सर्व्हरच्या फाइलीत सांगा: टॉमकॅटसाठी मेटा-इन्फमधली कॉन्टेक्स्ट.एक्सएमएल, वाइल्डफ्लायसाठी वेब-इन्फमधली जेबॉस-वेब.एक्सएमएल, वेबलॉजिकसाठी तिथेच वेबलॉजिक.एक्सएमएल. तिन्ही एकाच वॉरमध्ये सुखाने नांदतात, प्रत्येक सर्व्हर आपापली वाचतो. कोडमध्ये 'जावा:जेबॉस/डेटासोर्सेस' असं थेट लिहून मोकळे झालात तर ते ॲप्लिकेशन टॉमकॅटवर चालणार नाही, आणि ते तुम्हाला वर्षभराने, नवं गिऱ्हाईक मिळाल्यावर कळेल.

वेबलॉजिकबद्दल फार लिहीत नाही. तो परवान्याचा सर्व्हर आहे, लहान टीम तो आपणहून निवडत नाही. गिऱ्हाइकाकडे असेल तर त्यांचा ॲडमिन कन्सोलमधून डेटासोर्स बनवून जेएनडीआय नाव देतो, आपण वेबलॉजिक.एक्सएमएलमध्ये रिसोर्स-डिस्क्रिप्शन लिहून जोडणी करतो. अंबडच्या एका कारखान्यात आम्ही तसं केलं, अर्ध्या दिवसात झालं. खरी निवड उरलेल्या दोघांतच आहे.

टॉमकॅटची सुरुवात मला अजूनही आवडते. ड्रायव्हरची (डेटाबेसशी बोलणाऱ्या कोडची) जार फाइल लिब फोल्डरमध्ये टाकायची, कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये एक रिसोर्स लिहायचा, सर्व्हर चालू. नवीन मुलगा कामाला लागला तर त्याला दुपारच्या जेवणाआधी सगळं समजतं. जुन्या, चार जीबीच्या मशीनवरही तो तक्रार न करता चालतो. आम्ही चार वर्षं सगळीकडे टॉमकॅटच लावला, आणि त्यातले बहुतेक दिवस मला त्याच्याकडे बघावंही लागलं नाही.

मग फेब्रुवारीतली ती रात्र आली.

आमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन डेटासोर्स होते. आवक आणि ग्रेडिंगसाठी मुख्य, आणि पॅलेटच्या लेबलांसाठी वेगळा, कारण लेबलांचा डेटाबेस प्रिंटिंगवाल्या जुन्या प्रोग्रामशी सामाईक होता. दुपारी मी नवी आवृत्ती चढवली. लॉगिन केलं, आवकेची पावती काढली, ग्रेडिंगचा स्क्रीन उघडला. लॉगमध्ये एकही एरर नव्हती. मी निघालो.

रात्री पावणेबाराला सुपरवायझरचा फोन. "सर, लेबल निघंना. कंटेनर लागलाय."

लॉग उघडला तर जेडीबीसी ड्रायव्हर बनवता येत नाही असा मेसेज. त्यात ड्रायव्हरच्या क्लासच्या जागी रिकामं अवतरण आणि कनेक्ट यूआरएलच्या जागी 'नल'. मेसेज ड्रायव्हरचं नाव घेतो म्हटल्यावर मी ड्रायव्हरकडेच बघणार. जार बदलली, सर्व्हर पुन्हा चालू केला. दुसऱ्या आवृत्तीची जार आणली, पुन्हा चालू केला. पोस्टग्रेस डेटाबेसच्या परवानग्या तपासल्या, फायरवॉल तपासली. दीड तास गेला. तोवर प्रीकूलिंगमधून निघालेली पॅलेट थांबलेली, ट्रकचालक केबिनमध्ये बसून, आणि पुढे कसारा घाट उतरून न्हावाशेव्याला वेळेत पोचायचं. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांच्या पॅलेटवर लेबल नसेल तर ती कुठल्या बागेतली हे सांगता येत नाही, ग्रेपनेटवरची (निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणाऱ्या सरकारी प्रणालीवरची) सगळी नोंद मग हवेत राहते. लेबलाशिवाय माल पाठवण्याचा प्रश्नच नव्हता.

कारण शेवटी मिळालं ते एका अक्षरात. वेब.एक्सएमएलमध्ये लेबलांच्या डेटासोर्सच्या नावाचं शेवटचं अक्षर इंग्रजीतलं लहान बी होतं, कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये मी मोठं लिहिलं होतं. जेएनडीआयला ही दोन वेगळी नावं. ट्रक दोन तास उशिरा निघाला, आणि त्या दोन तासांत सुपरवायझरने तीनदा केलेले फोन मला अजून आठवतात. माणूस चिडलेला नव्हता. काळजीत होता.

आता यात टॉमकॅटचं नेमकं काय होतं ते बघा, कारण माझा सगळा निर्णय इथेच झाला. वेब.एक्सएमएलमध्ये रिसोर्स-रेफ आहे, पण त्या नावाचा रिसोर्स कुठेच नाही, अशा वेळी टॉमकॅट 'हे नाव मला सापडत नाही' असं म्हणत नाही. रिसोर्स-रेफमध्ये प्रकार डेटासोर्स लिहिलाय म्हणून तो त्याच नावावर एक कोरा डेटासोर्स बनवून देतो. त्याला यूआरएल नाही, ड्रायव्हर नाही, काहीच नाही. ॲप्लिकेशन चालू होतं, लुकअपही (नावाने शोध) यशस्वी होतो. पहिलं कनेक्शन मागेपर्यंत सगळं आलबेल दिसतं, आणि मग जी तक्रार येते ती नावाची नसते, ड्रायव्हरची असते. रिसोर्स-रेफ लिहिलाच नसता तर निदान 'नाव बांधलेलं नाही' असा सरळ अपवाद मिळाला असता. म्हणजे शिस्तीने रिसोर्स-रेफ लिहिणाऱ्याच्याच वाट्याला फसवा मेसेज येतो. हे मला आजही खटकतं.

टॉमकॅटच्या बाजूने सांगायचं तर यावर उपाय आहे, आणि तो अवघड नाही. एक सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट लिसनर लिहा. चालू होतानाच सगळी नावं लुकअप करून प्रत्येकाचं एक कनेक्शन घ्या आणि सोडा. एखादं मिळालं नाही तर अपवाद फेका, टॉमकॅट ते ॲप्लिकेशन चालूच करणार नाही. वीसेक ओळींचं काम. आम्ही दुसऱ्याच दिवशी केलं आणि पुढचं वर्षभर त्यावर काढलं. फक्त ती यादी हाताने सांभाळावी लागते. एकाने तिसरा डेटासोर्स जोडला, वेब.एक्सएमएलमध्ये लिहिला, लिसनरमध्ये लिहायचा राहिला. सुदैवाने तो ऑफिसातच सापडला.

वाइल्डफ्लायकडे आम्ही त्यानंतर गेलो. तिथे डेटासोर्स ॲप्लिकेशनचा नसून सर्व्हरचा असतो. सर्व्हरच्या स्टँडअलोन.एक्सएमएल या फाइलीत किंवा सीएलआयमधून (कमांड टाइप करून) तो बनवायचा, त्याचं नाव 'जावा:/' किंवा 'जावा:जेबॉस/' यानेच सुरू व्हावं लागतं, आणि जेबॉस-वेब.एक्सएमएलमध्ये आपलं आतलं नाव त्याला जोडायचं. हे जोडलेलं नाव वाइल्डफ्लाय डिप्लॉयमेंटचं (ॲप्लिकेशन चढवण्याचं) अवलंबन मानतो. सर्व्हरवर ते नसेल तर डिप्लॉय होतच नाही. लॉगमध्ये लांबलचक लाल मजकूर येतो, वाचायला अजिबात सुखद नाही, पण न सापडलेल्या सर्व्हिसच्या यादीत आपलं नाव स्वच्छ लिहिलेलं असतं. पिंपळगावच्या पॅकहाऊसवर पहिल्यांदाच चढवलं तेव्हा असाच लाल मजकूर आला. जेबॉस-वेबमध्ये शेवटी एक अक्षर जास्त होतं. तीन मिनिटांत दुरुस्त झालं. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, मी स्वतः तिथे बसलेलो होतो, आणि द्राक्षं अजून क्रेटमध्येच होती.

याहून एक छोटी सोय मला फार मोलाची वाटते. डिप्लॉयमेंट्स फोल्डरमध्ये वॉर टाकली की वाइल्डफ्लाय तिच्या शेजारी एक मार्कर फाइल बनवतो. जमलं तर नावाच्या शेवटी 'डिप्लॉइड', नाही जमलं तर 'फेल्ड'. पॅकहाऊसमधल्या क्लार्कताईंना मी फोनवर एवढंच विचारतो, "ताई, त्या फोल्डरमधल्या फाइलीचं शेवटचं अक्षर डी आहे हे सोडा, शेवटचा शब्द काय आहे ते वाचून दाखवा." लॉग वाचायला सांगावा लागत नाही.

हे सगळं फुकट मिळत नाही. ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून बसवणं हे पहिल्यांदा करताना चिडचिडीचं काम आहे: फोल्डरची ठरावीक रचना, त्यात मॉड्यूल.एक्सएमएल, त्यात अवलंबनं. जार नुसती डिप्लॉय करूनही भागतं, पण आम्ही मॉड्यूलच करतो. सर्व्हर चालू असताना स्टँडअलोन.एक्सएमएल हाताने बदलू नका. पुढचा बदल सीएलआयमधून किंवा कन्सोलमधून झाला की वाइल्डफ्लाय आपल्या मनातली प्रत त्यावर लिहितो आणि तुमचा बदल जातो. जुन्या प्रती स्टँडअलोन_एक्सएमएल_हिस्टरी या फोल्डरमध्ये मिळतात, त्याने आम्हाला एकदा वाचवलंय. मेमरी टॉमकॅटपेक्षा जास्त लागते, यात वाद नाही. मी मोजमाप केलेलं नाही, पण पतसंस्थेच्या जुन्या मशीनवर लावून बघितला आणि त्याच संध्याकाळी काढून पुन्हा टॉमकॅट बसवला.

आणि वाइल्डफ्लाय तपासतो ते फक्त नाव. डेटाबेस बंद असेल, पासवर्ड चुकला असेल, तरी ॲप्लिकेशन डिप्लॉय होऊ शकतं. त्यासाठी सीएलआयमधून टेस्ट-कनेक्शन-इन-पूल चालवायची सवय लावून घ्या. कोडमध्ये रिसोर्स-रेफशिवाय थेट लुकअप केलात तर हा नावाचा पहाराही उरत नाही.

पूलबद्दल एक आठवण, कारण तीही याच स्वभावाची आहे. टॉमकॅट 7 वरून 8.5 वर आलो तेव्हा आमच्या कॉन्टेक्स्ट.एक्सएमएलमध्ये मॅक्सॲक्टिव्ह, म्हणजे पूलमधली एकावेळची जास्तीत जास्त कनेक्शनं, 40 होतं. टॉमकॅट 8 पासून डीबीसीपी 2 (पूल सांभाळणारी लायब्ररी) आलं, तिथे त्याचं नाव मॅक्सटोटल झालं, आणि मॅक्सवेटचं मॅक्सवेटमिलिस. जुनी नावं दिसली की लॉगमध्ये इशारा येतो, पण सर्व्हर थांबत नाही, मूळ किंमत घेऊन पुढे जातो. मॅक्सटोटलची मूळ किंमत 8 आहे, आणि वाट बघण्याला मूळची मर्यादाच नाही. ग्रेडिंगच्या टेबलांवर तीस टॅबलेट एकदम चालू झाले की स्क्रीन नुसते फिरत राहायचे. इशारा वाचायला हवा होता हे मान्य. पण वाइल्डफ्लायच्या स्टँडअलोन.एक्सएमएलमध्ये त्याला न कळणारा ॲट्रिब्यूट लिहिला तर तो सुरूच होत नाही, ओळ क्रमांकासकट सांगतो. आमच्यासारख्यांना तेच परवडतं.

जे कुणी आता टॉमकॅट 10 किंवा वाइल्डफ्लाय 27 वर जाणार असतील त्यांच्यासाठी एक सूचना, निवड कुठलीही असो. या आवृत्त्यांत पॅकेजच्या नावांची सुरुवात जावाएक्सऐवजी जकार्ता झाली आहे, पण ती बदलताना सरसकट शोधा-बदला करू नका. डेटासोर्सचा प्रकार जावाएक्स डॉट एसक्यूएलच राहतो, कारण तो मूळ जावामध्ये आहे, एंटरप्राइझ भागात नाही. वेब.एक्सएमएलमधला रिसोर्स-टाइप आमच्याकडे असा बदलला गेला होता आणि सकाळ त्यातच गेली.

'मग स्प्रिंग बूट (सर्व्हर ॲप्लिकेशनच्या आतच घेऊन चालणारी चौकट) का नाही?' हेही विचारलं जाईल. एकच गिऱ्हाईक असेल, सर्व्हर तुमच्याच ताब्यात असेल, तर जरूर घ्या, जेएनडीआयची गरजच पडणार नाही. आमच्याकडे मात्र डेटाबेसचा पासवर्ड गिऱ्हाइकाचा माणूस स्वतः सर्व्हरवर भरतो, तो आम्हाला कळू नये असं त्याला वाटतं आणि ते योग्यच आहे. वॉर एकच, पासवर्ड ज्याचा त्याच्याकडे, हे जेएनडीआयमध्ये सहज जमतं.

तर तुमचं मशीन लहान असेल, डेटासोर्स एकच असेल, आणि तो लॉगिनलाच वापरला जात असेल, तर टॉमकॅट घ्या. नाव चुकलं तर लॉगिनलाच कळेल, आणि लिसनर तेवढा लिहाच. डेटासोर्स दोन किंवा जास्त असतील, त्यातला एखादा फक्त रात्री किंवा फक्त मोसमात लागत असेल, तर मी वाइल्डफ्लायकडे झुकतो. या मोसमात आमची तिन्ही पॅकहाऊस त्यावर आहेत. पतसंस्थेत अजून टॉमकॅट आहे, दिवाळीनंतर त्यांचं नवं मशीन येणार आहे, आल्यावर तिथलंही हलवायचं ठरलंय.