पित्ताशय काढलं तरी दुखतंय? राजारामपुरीतल्या काकूंचा पथ्याचा डबा, चार महिन्यांचा अनुभव

आधीच सांगते, हा डबा खाऊन माझं दुखणं गेलेलं नाही. तसं कोण सांगायला लागलं तर विश्वास ठेवू नका. तरीपण पाचातले चार स्टार देतेय आणि का ते सांगायला जरा लांबण लागणार आहे, कारण ह्यात जेवणापेक्षा माझ्या पोटाचंच पुराण जास्त आहे.

दोन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, दुर्बिणीतनं, पोटावर चार भोकं आणि दुसऱ्या दिवशी घरी. खडे छोट्या बाटलीत घालून दिले होते, तुरीच्या डाळीएवढे, काळपट हिरवे, आणि आमच्या ह्यांनी ती बाटली शोकेसमध्ये गणपतीशेजारी ठेवली, येईल त्याला दाखवायला. पहिले तीन महिने झकास गेले. मग एका रात्री परत तेच, उजव्या बरगडीखाली मूठ आवळल्यासारखं, तिथनं मागं पाठीत, चांगलं तासभर. मी ह्यांना उठवलं, म्हटलं अहो, जी वस्तू काढून शोकेसमध्ये ठेवलीय ती दुखतेय कशी? त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, माझ्याकडं पण नव्हतं.

पण बाकी सगळ्या गावाकडं होतं. "रस्सा ओढला असशील." कोल्हापुरात पोट दुखलं म्हटलं की चौकशी इथनंच सुरू होते आणि इथंच संपते. मी पतसंस्थेत कॅशियर आहे, काउंटरमागं बसून एका हातानं नोटा मोजायच्या आणि दुसऱ्या हातानं बरगडी दाबून धरायची असं वर्षभर चाललं, आणि साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांचं एकच, वहिनी तोंडावर ताबा ठेवा. रविवारी घरात मटण मीच करते, तांबडा पांढरा दोन्ही, त्यामुळं चव बघायच्या नावाखाली मी वाटी लावते असा आत्यांना पक्का संशय. वर त्याच मला प्रेमानं सांगणार, "पांढरा घे गं वाटीभर, त्यात कुठं तिखट असतंय."

इथं जरा थांबते कारण हे मला कळायला वर्ष गेलं. तिखटानं मला फार काही होत नाही. तर्रीनं होतं, म्हणजे मिरचीनं न्हवे, तेलानं. आणि पांढरा रस्सा, जो आपण आजाऱ्याला, बाळंतिणीला बिनधास्त देतो, त्यात ओल्या नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ आणि वर मटणाची चरबी. दिसायला गरीब, पण माझ्यासाठी तांबड्याच्या वरचा. पित्त हे पित्ताशयात तयार होत नाहीच, ते यकृतात होतं, दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर, पित्ताशय फक्त साठवून घट्ट करून ठेवायचं आणि तेलतूप आतड्यात पोचलं की एकदम सोडायचं. आता टाकीच नाही म्हटल्यावर पित्त थोडं थोडं सारखं आतड्यात उतरत राहतं. एकदम वाडगाभर चरबी आली की काही जणांची गडबड होते, कुणाचं दुखतं, कुणाला जेवून उठल्या उठल्या संडासला पळावं लागतं. बऱ्याच जणांना काहीच होत नाही, माझी नणंद ऑपरेशननंतर महिन्यात मिसळ खाऊन आली, कट जास्तीचा मागून. तिचं नशीब.

तर डबा. मैत्रिणीनं सांगितलं, राजारामपुरीत एक काकू आहेत, घरातनंच डबे देतात, त्यात पथ्याचे वेगळे. बोर्ड नाही, नाव मी पण इथं घालत नाही कारण त्यांनी सांगितलंय एवढेच डबे झेपतात, आणि पुढं थोडी तक्रार पण करायचीय. घरात आत्या म्हणाल्या, दोन हात धडधाकट असताना बाहेरचा डबा? आणि खरं सांगायचं तर मला पण लाज वाटली, सगळ्यांचं करून आपण मेसचं खायचं म्हणजे काय. पण घरी करताना फोडणी सगळ्यांसाठी एकच पडते आणि माझ्यासाठी वेगळं पातेलं रोज निघत नाही, आठ दिवस निघतं, नवव्या दिवशी नाही.

दुपारचा एक डबा 90 रुपये. तीन पुडाचा स्टीलचा, दोन चपात्या नायतर एक भाकरी, एक भाजी, मुगाचं वरण, भात, आणि बाटलीत ताक, लोणी काढलेलं. भाज्या म्हणजे दोडका, दुधी, पडवळ, घोसावळं, मेथी, कधी नुसता वाफवलेला फ्लॉवर. वाचून तोंड वाकडं करू नका. काकू कांदा लसणाची चटणी सोडत नाहीत, भाजीला थोडी असतेच, आणि पडवळाची डाळ घालून सुकी भाजी करतात ती मी हॉटेलात पैसे देऊन खाईन. पूर्ण बिनतेलाचं काही नसतं. मी पहिल्या दिवशी म्हटलं काकू तेल घालूच नका, तर म्हणाल्या, "पोरी, बिनतेलाचं चार दिवस खाशील आणि पाचव्या दिवशी वडापाव खाशील." नंतर माझ्या डॉक्टरांनी पण जवळजवळ हेच सांगितलं, एकदम बंद नको, दिवसभरात थोडं थोडं विभागून खा, एका बैठकीत जास्त नको.

आणि खरी गोष्ट पुढं आहे. वरच्या पुडाच्या झाकणाखाली रोज एक चिठ्ठी असते, कॅलेंडरच्या मागच्या बाजूचा फाडलेला तुकडा, त्यावर पेन्सिलनं: "तेल 1 चमचा. दाणे नाही. खोबरं नाही." किंवा "तेल दीड. खोबरं थोडं." झालं. कसलं ॲप नाही की कॅलरी नाही. ह्या चिठ्ठ्या मी ड्रॉवरमध्ये क्लिपला लावून ठेवायला लागले आणि मागं लिहायचं, दुखलं का, किती वाजता, किती वेळ, दहापैकी किती. कॅश जुळत नाही तेव्हा आपण व्हाउचर लावून बघतो की नाही, तसंच.

दोन महिन्यांत 48 चिठ्ठ्या झाल्या. सात वेळा दुखलं. तीन वेळा खाण्याचं कारण सरळ दिसत होतं, एक वास्तुशांतीचं जेवण, एक आत्यांचा पांढरा रस्सा, तिसरं खाली येतंय. एकदा भलतंच निघालं, ते पण सांगते. आणि उरलेले तीन दिवस? तेल एक चमचा, दोडक्याची भाजी, ताक, आणि रात्री दीड वाजता कळ. म्हणजे वर्षभर मला जे ऐकवलं जात होतं ते निदान तीन दिवसांपुरतं तरी खोटं होतं, आणि ते काकूंच्या पेन्सिलीनं लिहून दिलेलं होतं! त्या रात्री मी रडले, दुखण्यानं नाही.

तो गठ्ठा घेऊन पोटाच्या डॉक्टरांकडं गेले. ह्याआधी एका ठिकाणी "ॲसिडिटी आहे, टेन्शन घेऊ नका" म्हणून तीन मिनिटांत बाहेर काढलं होतं. ह्या डॉक्टरांनी चिठ्ठ्या एकेक करून बघितल्या, मग म्हणाले आता शोधूया. पित्ताशय काढलं तरी मुख्य नळीत एखादा खडा राहिलेला असू शकतो किंवा नवा होऊ शकतो, म्हणून सोनोग्राफी आणि एमआरसीपी, म्हणजे पित्ताच्या नळ्यांचा एमआरआय. लिव्हरची रक्त तपासणी त्यांनी मुद्दाम दुखणं सुरू झाल्यापासून काही तासांच्या आत करायला लावली, कारण एरवी नॉर्मलच येते. एंडोस्कोपी, अल्सर वगैरे नाही ना बघायला. माझं सगळं साफ आलं, जठराला थोडी सूज सोडली तर. मग त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं, पित्ताची नळी आणि स्वादुपिंडाची नळी जिथं आतड्यात उघडतात तिथं एक गोल स्नायूची झडप असते, ओडीची झडप म्हणतात, ती अवेळी आवळली की मागं दाब वाढतो आणि अगदी खड्यासारखंच दुखतं. माझं तसं असावं असा त्यांचा अंदाज.

मी लगेच विचारलं, मग ती दुर्बिणीनं कापून टाकता येत नाही का, शेजारणीच्या जावेची कापलीय. ते म्हणाले, नळी फुगलेली असेल, रक्तात फरक असेल तर विचार करतात, पण सगळं नॉर्मल असलेल्या पेशंटवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला, 2014 साली छापून आला, त्यात झडप कापलेल्यांना न कापलेल्यांपेक्षा जास्त आराम पडला नाही, आणि ह्या दुर्बिणीत स्वादुपिंडाला सूज यायचा धोका असतो तो वेगळाच. म्हणून सध्या गोळी, खाणं आणि नोंद. ताप थंडी वाजून आला, डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी झाली, किंवा कळ थांबेचना तर मात्र वाट न बघता थेट दवाखाना, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि मी पण इथं सांगते.

आता ते भलतं. एका चिठ्ठीमागं मी लिहिलं होतं, खोकला, औषध घेतलं, पाऊण तासानं 10 पैकी 8. घरात कुणाचं तरी उरलेलं खोकल्याचं औषध होतं, झाकणभर प्यायले होते. डॉक्टरांनी बाटलीचा फोटो मागवला आणि म्हणाले ह्यात कोडीन आहे. अफूच्या जातीतलं औषध, पित्ताशय काढलेल्या काही लोकांत त्यानं ती झडपच आवळते. म्हणजे कळ थांबवायला जे औषध माणूस घेईल त्याच जातीतल्या औषधानं कळ वाढू शकते. दुसऱ्याच्या बाटल्या प्यायचं तेव्हापासून बंद, आणि कुठल्याही दवाखान्यात गेले की पहिलं वाक्य, माझं पित्ताशय काढलंय.

आता तक्रारी. वर म्हटलेलं ते तिसरं खाणं, एकादशीचं. झाकण उघडलं तर साबुदाण्याची खिचडी, दाण्याच्या कुटात अक्षरशः न्हायलेली, चिठ्ठीवर फक्त "उपास". भुकेपोटी खाल्ली, काउंटर बंद करून दोनदा पळाले आणि रात्री कळ. फोन केला तर काकू, "उपासाला कसलं पथ्य गं?" बाकी दिवस चमच्यानं तेल मोजणारी बाई, एकादशीला सगळं माफ! अर्धा स्टार इथं गेला. उरलेला अर्धा पावसाळ्यात. डबा आणणारा पोरगा चिखलीचा, पंचगंगा राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांच्या इशाऱ्यावर गेली की त्याचा जीव घराकडं लागतो, त्यात त्याची चूक काही नाही, पण काकू कळवत नाहीत, आपण दीडपर्यंत वाट बघायची आणि मग बिस्कीट. जुलैत असे चार दिवस गेले. शनिवारची मुगाची खिचडी पण पातळ असते, चमच्यानं खावी की प्यावी कळत नाही.

फरक किती पडला तर, आधी आठवड्याला एकदा तरी दुखायचं, आता महिन्याला दोनदा, कधी तीनदा. जुलाबासाठी डॉक्टरांनी पित्त धरून ठेवणारी पावडर दिलीय, कोलेस्टायरामिन, पाण्यात कालवून घ्यायची, दुसऱ्या गोळ्यांबरोबर नाही, तिचा उपयोग झाला. कळ आली की गोळी, गरम पाण्याची पिशवी आणि डाव्या कुशीवर, ह्याला सध्या तरी दुसरा इलाज नाही. घरी मात्र मोठा बदल झाला, आत्यांनी पूर्वीसारखं विचारायचं सोडलं. गेल्या रविवारी मी अळणी रस्सा आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी वरचा चरबीचा पापुद्रा आत्यांनी स्वतः चमच्यानं काढला आणि वाटीभर माझ्यासमोर ठेवला. दुखलं नाही. तीन रविवार झाले, अजून लिहून ठेवतेय.

लावायचा असेल तर आदल्या रात्री आठच्या आत फोन करा, मेसेज त्या बघत नाहीत. डबा धुऊन परत द्या, नायतर दुसऱ्या दिवशी चिठ्ठीवर तेलाच्या आधी तेच लिहून येतं. आणि एकादशीला, चतुर्थीला आधीच सांगा, काकू खिचडी नको, वरीचा भात द्या, तेल मोजून.